दाण्याएवढी जागा

दान्ली, १४ जानेवारी १९९७

यामिलेथ,

पोचले. सरहद्दीवर ट्रक अर्धा दिवस अडवून ठेवला होता आणि तेवढ्यात ट्रकवाल्या एलिहियोने तीन माणसांशी भांडण उकरून काढलं, म्हणून हे पत्र उशिरा. आता दर पंधरा दिवसांनी तो तंबाखूची गाठोडी घेऊन एस्तेलीला येईल, त्याच्याच हाती उत्तर दे. आणि चिठ्ठी नीट चिकटव, त्याला दुसऱ्याचं वाचायची खोड आहे.

इथे होंडुरासात मालकांनी नवी शेड बांधलीय. पोरी वीस-बावीस वर्षांच्या, हसऱ्या, शिकायची हौस आहे. पण सिगारचं वरचं पान असं ओढतात की टॉवेल पिळायला घेतलाय. सकाळपासून ओरडून घसा बसला. संध्याकाळी हाताखालची सगळ्यात बरी सिगार घेऊन ओढली तर गालफडं दुखली, धूर काही आला नाही. असो. शिकतील. मी शिकवतेय म्हटल्यावर शिकतीलच.

आता तुझं. मुकादम बायार्दोने सगळ्यांसमोर शब्द दिलाय की पवित्र आठवडा संपला की माझी खुर्ची माझी. तोवर तू बस. तुलाच का निवडलं ते स्पष्ट सांगते म्हणजे तुझा गैरसमज नको. तू माझ्या मावशीची मुलगी, पान चढवायला मीच तुला शिकवलं, आणि तुझा हात सावकाश आहे. सावकाश हाताची बाई दुसऱ्याची खुर्ची बळकावत नाही. रागावू नकोस, हे मी कौतुकाने लिहितेय.

माझ्याच टेबलावर बसणाऱ्या लेओंसियोबद्दल लक्षात ठेव. कॉफी होईपर्यंत त्याच्याशी बोलायचं नाही. तो आतल्या पानांचा गाभा बांधून साच्यात घालेल, साच्यातून निघाला की तुझ्या बाजूला सरकवेल. मान वर करणार नाही, तू पण करू नकोस. त्याच्या गाभ्यात हात घालायची गरज कधीच पडत नाही, अकरा वर्षांत मला पडली नाही. फक्त एक गोष्ट बघ. तोंडाकडच्या टोकाला तो पान जरासं कमी भरतो. घेवड्याच्या दाण्याएवढी जागा राहते. ती चूक नाही, ती माझ्यासाठी आहे. बाकीच्या बायका वरून वेगळी टोपी चिकटवतात. मी पानाचीच शेपटी पिळून त्या जागेत आत दुमडते, खळ लागतेच कुठे. म्हणून आमची सिगार तोंडात धरली की ओठाला काही लागत नाही. हे त्याला मी सांगितलं नव्हतं. पहिल्या महिन्यातच त्याने माझा अंगठा बघितला आणि जागा सोडायला लागला.

तूही शेपटीच दुमड. मला खाली बघायला लावू नकोस.

मिग्दालिया


एस्तेली, २७ जानेवारी

ताई,

तुझं पत्र एलिहियोने दिलं तेव्हा चिकटवलेलं होतं, पण तुझा घसा बसल्याचं त्यानेच मला आधी सांगितलं. तेव्हा काय ते समज.

इथे सगळं ठीक आहे. खुर्ची ऊबदार आहे, तिच्या मागच्या पायाला तू लावलेली फडक्याची घडी मी तशीच ठेवलीय. लेओंसियोकाका कॉफीआधी बोलत नाहीत आणि कॉफीनंतरही नाहीत. पहिल्या दिवशी मी म्हटलं, आज गारवा आहे नाही का. त्यांनी खिडकीकडे बघितलं, गारवा आहे का ते तपासलं, आणि परत गाभा बांधायला लागले. मला हसू आवरेना. समोरच्या टेबलावरची नुबिया म्हणाली, पोरी, तुझ्या ताईने या माणसासोबत अकरा वर्षं काढली, तिला स्वर्गात थेट आत सोडतील.

शेपटी दुमडायला शिकतेय. मुकादम काही म्हणत नाही. तू काळजी करू नकोस.

परवा काकांनी रोस्किया आणल्या होत्या, कडक, चीज घातलेली मक्याची बिस्किटं. पुडी माझ्या बाजूला ठेवली आणि म्हणाले, खा. तेवढंच. त्यांचा तो एक शब्द ऐकून नुबियाने सुरी टेबलावर आपटून टाळी दिली.

इथल्या सगळ्या पोरी तुझी आठवण काढतात. काही जणी सुटकेचा निःश्वास टाकून काढतात, पण काढतात.

तुझी,
यामिलेथ


दान्ली, ६ फेब्रुवारी

यामिलेथ,

पत्र पोचलं. नुबियाला सांग, मी स्वर्गात गेले तर तिला दारातून हात करीन.

रोस्कियांचं कळलं नाही. कुठल्या रोस्किया? विकतच्या की घरच्या? अकरा वर्षांत त्या माणसाने माझ्यासमोर एक बिस्किट ठेवलं नाही. माझ्या वाढदिवसाला सगळ्या टेबलांनी केक आणला, तेव्हा हा म्हणाला, गोड खाल्लं की हात चिकट होतात. आणि तुला तो पुडी आणतो, वर खा म्हणतो. मला काही वाईट वाटलं असं नाही. फक्त विचारतेय. माणूस बदलला की कामात फरक पडतो, म्हणून विचारायचं.

काका म्हणतेस ते बरं आहे. पण लेओंसियो चव्वेचाळीस वर्षांचा आहे, आणि कोणी काका म्हटल्याने कोणी म्हातारं होत नाही.

तो गुणगुणतो का? दुपारी, साचे दाबायला ठेवले की, तो नाकातल्या नाकात काहीतरी म्हणत असतो. चाल नसते त्याला, पण हात बरा चालला असेल तरच म्हणतो. मी नसताना म्हणतो का ते बघून लिही. आणि खुर्ची टेबलाच्या कोपऱ्यापासून किती लांब आहे? मी बसायची तेव्हा त्याचं कोपर माझ्या कोपराला लागत नसे, पण लागू शकलं असतं. तेवढ्यावर ठेव.

तुला वाटेल ही बाई काय विचारतेय. माझा नवरा माझ्यावाचून तिकडे काय जेवतो, कपडे कोण धुतं, हे मी एका ओळीने विचारलेलं नाही, आणि लेओंसियोच्या कोपराचं विचारतेय. हसू नकोस. रुफिनोशी माझं लग्न झालंय, तो कुठे जातो. टेबलावरच्या माणसाशी काही लग्न होत नसतं. तिथे रोज बसावं लागतं, आणि मी बसलेली नाहीये.

तुमच्या टेबलाची सिगार पाठव. रोज घरी न्यायला मिळतात त्यांतली, मुद्दाम केलेली नको.

मिग्दालिया


एस्तेली, १७ फेब्रुवारी

ताई,

दोन पाठवतेय. एक ओढायला आणि एक कापायला, कारण तू कापल्याशिवाय राहणार नाहीस. देवदाराच्या सालीत गुंडाळल्यात, ट्रकमध्ये सुकायला नकोत. एलिहियोला सांगितलंय की यातली एक कमी झाली तर तू सरहद्दीवर येशील.

शेपटी दुमडलीय, तुझ्यासारखी. जमलीय का सांग.

रोस्किया घरच्या होत्या, काकांच्या बायकोने, देलफिनाकाकूंनी केलेल्या. त्यांनीच पाठवल्या होत्या. काकूंना तू ओळखतेस, त्यांना सगळं जग उपाशी वाटतं.

काका गुणगुणत नाहीत. खुर्ची आहे तिथेच आहे. हो, परवा एकदा हसले. मी वरचं पान चढवताना खळ माझ्या बाहीला लागली आणि सिगारसकट बाही चिकटली, मी हात झटकतेय आणि ती सुटत नाही. ते हसले आणि स्वतःच्या सुरीने त्यांनी बाहीवरून ती अलगद सोडवली. मग म्हणाले, मिग्दा बाह्या वर करून बसते. तेव्हापासून मी बाह्या वर करते.

तिकडच्या पोरींच्या सिगारमधून आता धूर येतो का? आई विचारते, होंडुरासात घेवडा लाल मिळतो की काळा.

तुझी,
यामिलेथ


दान्ली, २४ फेब्रुवारी

यामिलेथ,

घेवडा लाल मिळतो, मावशीला सांग.

सिगार पोचल्या. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर शेडच्या मागे बसून एक ओढली. आधी न पेटवताच ओढून बघितली, मनुकांचा गोडवा आला आणि मागून ओल्या मातीचा वास. म्हणजे वरचं पान हालापाच्या शेतातलं, पुरतं मुरलेलं, तुम्हाला चांगली थप्पी मिळालीय. पेटवल्यावर पहिली दोन बोटं मिरी. ती आपल्या एस्तेलीच्या शेंड्याच्या पानाची, ते लेओंसियो बरोबर मधोमध ठेवतो, कडेला सरकू देत नाही, नाहीतर एका बाजूने जळत जातं. मग मिरी मागे हटली आणि कॉफी आली, बिनसाखरेची, आणि तिच्यात भाजलेल्या शेंगदाण्याचं तेल. राख पांढरी, घट्ट, मी मुद्दाम झटकली नाही तरी दोन बोटं धरून राहिली. ओढ कुठे अडली नाही, कुठे सैल पडली नाही. बोटं भाजेपर्यंत ओढली. आजूबाजूला पोरी जमल्या, म्हणाल्या, बाई, हा वास कसला येतोय. मी म्हटलं, हा आमच्या टेबलाचा वास आहे. म्हटलं आणि तोंड कडू झालं, कारण माझं टेबल कुठे आणि मी कुठे.

इतकी चांगली सिगार ओढून मला इतका राग कधी आला नव्हता.

दुसरी उभी चिरली. टोकाला शेपटी आत वळवलेली, सुरकुती नाही, खळीचा डाग नाही. आणि तिच्याखाली घेवड्याच्या दाण्याएवढी जागा. जशीच्या तशी.

ती जागा माझी होती, यामिलेथ. ती काही गाभा बांधायची रीत नाही, कोणत्याही कारखान्यात कोणी तसं बांधत नाही, इथे मी एका बांधणाऱ्याला सांगून बघितलं तर तो म्हणाला बाई, टोक पोकळ ठेवलं तर माल परत येईल. ती माझ्या अंगठ्याची जागा होती. आणि तो ती आता तुझ्यासाठी सोडतोय. महिन्याभरात. मला वाटलं होतं त्याचा हात अडेल, काम बिघडेल, मुकादम म्हणेल मिग्दालियाला बोलवा. कोणाचं काही अडलेलं नाही. पुडी येते, हसणं होतं, तुझ्या बाहीवर तो सुरी चालवतो. माझ्या बाहीला त्याचा हात लागल्याचं मला आठवत नाही.

सावकाश हाताची म्हणून तुला बसवलं. हात सावकाश आहे, बाकी सगळं चलाख आहे.

मुकादमांनाही याच ट्रकने चार ओळी टाकल्यात, कामाबद्दल.

मिग्दालिया


दान्ली, ११ मार्च

यामिलेथ,

एलिहियो रिकाम्या हाताने आला. विचारलं तर म्हणतो, कोणी काही दिलं नाही, आणि दुसरीकडे बघायला लागला. एरवी नको ते सांगतो, आणि हे मात्र सांगत नाही.

मागच्या पत्रात जरा जास्त लिहिलं असेल. इथे पाणी चांगलं नाही, पोट बिघडलं होतं. तू मनावर घेऊ नकोस. पण उत्तर लिही. टेबलावर कोण बसतंय तेवढं तरी लिही.

मिग्दालिया


हालापा, १८ मार्च

मिग्दालियाताई यांस,

तुमचं पत्र एस्तेलीहून फिरून माझ्याकडे आलं. मी आता हालापाला आहे, वाळवणीच्या कोठारांत. पानं सुईदोऱ्यात ओवायची आणि दांड्यांवर चढवायची. ओवण्यात कोणाची जोडी लागत नाही. तुम्ही विचारलंत टेबलावर कोण बसतंय, तर कोणी नाही. तुमची खुर्ची रिकामी आहे, मुकादमाने शब्द पाळलाय.

तुम्ही मुकादमांना कामाबद्दल चार ओळी टाकल्या असं मला लिहिलंत. त्या ओळी मी ऐकल्या आहेत. मुकादमाने त्या टेबलाशी उभं राहून मोठ्याने वाचल्या, आम्हा दोघांसमोर, आणि नुबियाच्या टेबलापर्यंत ऐकू गेल्या. लेओंसियो आणि ती पोर नको तेवढी जवळ आली आहेत, त्याला बायको आहे, कारखान्याचं नाव खराब होईल, तिला तिथून उठवा. एवढंच लिहिलं होतं. कामाचा त्यात एक शब्द नव्हता.

मला तेव्हा सांगायला हवं होतं ते आता सांगते. शेपटी दुमडायला मला धड कधी जमलं नाही. माझा अंगठा लहान आहे, तो त्या जागेत जाऊन वळत नाही. म्हणून मी इतरांसारखी टोपी चिकटवायची, आणि खाली जागा मोकळी असल्यामुळे ती टोपी आत खचायची. मुकादम रोज आमच्या टेबलाचा माल परत फेकायचा. मी तुम्हाला लिहिलं की मुकादम काही म्हणत नाही. तुम्ही म्हणाला होतात मला खाली बघायला लावू नकोस, म्हणून तसं लिहिलं.

काकांना मी रोज म्हणायचे, काका, टोकाला थोडं जास्त भरा. ते ऐकून घ्यायचे आणि तसाच गाभा सरकवायचे. एक दिवस मी रडले. तेव्हा ते म्हणाले, "पोरी, ती पास्कुआनंतर येणार, पवित्र आठवडा संपला की. मी आता हात बदलला तर ती येईल तेव्हा जागा नसेल, आणि माझ्या हाताला परत लावून घ्यायला वर्ष जाईल. तू थोडं सोस." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं सगळ्यात लांब बोलणं तेच. घरी जाऊन त्यांनी काकूंना सांगितलं की पोरगी रडली, म्हणून काकूंनी रोस्किया पाठवल्या.

तुम्हाला पाठवलेल्या दोन सिगारी मुद्दाम केलेल्या होत्या. एका अख्ख्या आठवड्याच्या मालातून त्या दोनच जमल्या. तुम्ही खूश व्हाल असं वाटलं होतं.

मुकादमाने पत्र वाचून संपवलं तेव्हा काकांनी सुरी फडक्याने पुसली. पुसत राहिले. मग म्हणाले, "तिचा हात मी डोळे मिटून ओळखीन. तिने मला एवढंच ओळखलं." मुकादम गेला, त्यांनी पुढचा गाभा बांधायला घेतला. साच्यातून निघाल्यावर माझ्याकडे सरकवला तर तो टोकापर्यंत गच्च भरलेला होता. मला वाटलं रागात चूक झाली. दुसरा तसाच. त्या साच्यातले सगळे तसेच, आणि त्यानंतरच्या साच्यांतले पण. त्या दिवशी पहिल्यांदा माझी एकही सिगार परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच मुकादमाला म्हटलं की मला हालापाला पाठवा. आईला वाटतं बढती मिळाली. तिला तुम्ही काही सांगू नका.

यामिलेथ


एस्तेली, ३ एप्रिल

यामिलेथ,

तू मला तुम्ही म्हणालीस. एवढीशी होतीस तेव्हापासून कधी म्हणाली नव्हतीस. पत्र पहिल्या ओळीवरच खाली ठेवलं आणि मग परत उचललं.

माफी मागायची मला सवय नाही, हे तुला ठाऊक आहे. मागतेय. तुझ्याबद्दल जे लिहिलं ते खोटं होतं, आणि लिहिताना मला ते खोटं आहे हे माहीत होतं. मी मुकादमाकडे गेले आणि म्हटलं, ते पत्र माझं, ते चुकीचं, ते वाचलंत तसं हे पण टेबलाशी उभं राहून मोठ्याने सांगा. तो म्हणाला, बाई, कारखान्यात काम आहे. मग मी स्वतःच सांगितलं. नुबियाच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं. नुबियाने या वेळी सुरी आपटली नाही. देलफिनाच्या घरीही जाऊन आले. तिने कॉफी दिली, रोस्किया दिल्या, आणि अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत बसली. रोस्किया चांगल्या करते. मी एकच खाल्ली.

सोमवारी खुर्चीवर बसले. मी लवकर गेले होते. तो आला, टोपी काढली आणि म्हणाला, "सुप्रभात, मिग्दालियाबाई. प्रवास बरा झाला का?" कॉफीच्या आधी. अकरा वर्षांत मी त्याची मिग्दा होते, आणि नमस्कार-चमत्कार आमच्यात कधी नव्हते. मी म्हटलं, बरा झाला. मी म्हटलं, लेओंसियो, मी चुकले. तो म्हणाला, "बसा ना. माल भरपूर आलाय." आणि बांधायला लागला.

पहिला गाभा आला. मी बाह्या वर केल्या, पान चढवलं, शेवटी शेपटी पिळली आणि अंगठा टोकाला लावला. आत जागाच नव्हती. शेपटी वर फुगून राहिली, फोडासारखी. सुरीने कापून टाकली, खळ लावली आणि इतर बायकांसारखी टोपी चिकटवली. टोपी लावायची सवय नाही म्हणून वाकडी बसली. दुसरी पण. मुकादमाने तीन परत केल्या. लेओंसियोने परत आलेला माल बघितला आणि विचारलं, "माझ्या गाभ्यात काही चुकलं का? सांगा, दुरुस्त करतो." खरंच विचारत होता. त्याच्या मनात टोमणा नव्हता, तो टोमणे मारत नाही. काय सांगू मी त्याला? गाभ्यात काही चूक नव्हती. कोणीही हातात घेऊन बघितला असता तर म्हणाला असता, उत्तम बांधलाय. मी म्हटलं, नाही, माझाच हात बसलेला नाही अजून.

दुपारी घरी न्यायला मिळाली त्यातली एक ओढली. मिरी तीच, कॉफी तीच. चव कुठे कमी नाही. ओठाला टोपीची कड लागत होती.

तू परत ये. मी मुकादमाला सांगितलंय की ही खुर्ची तिला द्या, मी शिकाऊ पोरींच्या टेबलावर बसते. तुला आता इथे त्रास होणार नाही, गाभा भरलेला येतो, तुझ्या टोप्या सरळ बसतील. हे मी मनापासून लिहितेय. लिहिताना हेवा वाटतोय तेही लिहिते, म्हणजे तुला खात्री पटेल की लिहिणारी मीच आहे. तू बसशील, तो एखाद्या दुपारी गुणगुणेल, आणि मी शेडच्या दुसऱ्या टोकाला पोरींवर ओरडत कान तिकडे ठेवीन.

पण तुझा नाही गं, यामिलेथ. दोन रात्री विचार करून सांगतेय. मला हेवा तुझा वाटत नाही, तुझा कधी वाटायलाच नको होता. जानेवारी-फेब्रुवारीत दान्लीला एक बाई होती. इथे रोज माल परत येत होता, पोर रडत होती, मुकादम ओरडत होता, आणि तरी एक माणूस कोणाला न सांगता प्रत्येक गाभ्यात तिची जागा सोडत होता. ती तिकडे बसून तुझ्या रोस्किया मोजत होती. तिचा मला इतका हेवा वाटतो की ती समोर आली तर मी तिचे केस उपटीन.

मिग्दालिया